खुब्याचा सांधा बदलताना फाटलेल्या कंडरेचाही विचार

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. सांध्याच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवला की हाडाचा एक उंचवटा लागतो. कुल्ल्यातील दोन स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, तिथे येऊन चिकटतात. एका पायावर उभे राहिल्यावर शरीर कलू न देणे हे त्यांचे काम. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो, त्यामुळे या दोऱ्यांना सतत ताण असतो.

वयाबरोबर सांधा झिजतो तशी ही कंडराही विरते आणि फाटते. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत हे जास्त दिसते. दोन्ही बिघाड एकाच बाजूला असले आणि इलाज फक्त सांध्याचा झाला, तर ऑपरेशन नीट होऊनही लंगडणे राहू शकते. म्हणून सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला की कंडरेची चौकशीही त्याच वेळी करावी.

दुखणे कुठे आहे?

सांध्याच्या झिजेचे दुखणे बहुधा जांघेत असते. ते कधी गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसून खुरपता येत नाही, पायाचे बोट धरून नख कापता येत नाही. कंडरेचे दुखणे बाहेरच्या उंचवट्यावर असते. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते आणि एका पायावर उभे राहून लुगडे किंवा विजार नेसणे जमत नाही.

आपल्या भागात या सगळ्याला ‘कंबर दुखते’ असेच म्हणतात. कन्नडमधला ‘सोंट’ हा शब्दही कमरेसाठीच आहे. त्यामुळे फोटो मणक्याचा निघतो आणि खुबा तसाच राहतो. डॉक्टरांना शब्दाने सांगण्याबरोबर बोट ठेवून दाखवा: जांघ, बाहेरचा उंचवटा, की पाठीचा खालचा भाग. मणक्याची नस दबली तरी अशीच कळ येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

कोणत्या तपासण्या?

डॉक्टर एका पायावर उभे करून पाहतात. दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडली तर कुल्ल्याचे स्नायू कमजोर आहेत असे समजतात. ही खूण जर्मन सर्जन फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली सांगितली. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसते, कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. तो ऑपरेशनआधीच करणे सोयीचे, कारण सांधा बसवल्यावर धातूमुळे चित्र अस्पष्ट येते. कंडरा किती फाटली, आणि तिच्या मागच्या स्नायूची चरबी झाली आहे का, हे दोन्ही अहवालात पाहावे. कधी सांध्यात भूल देणारे इंजेक्शन देऊन पाहतात. जांघेची कळ थांबली आणि बाहेरची राहिली, तर दोन दुखणी वेगळी आहेत हे कळते.

निर्णय कसा होतो?

सांधा फारसा झिजलेला नसेल तर आधी फिजिओथेरपी, वजन कमी करणे आणि दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी. तरीही भागले नाही तर फक्त कंडरा शिवण्याचा विचार होतो. सांधा खूप झिजला असेल आणि कंडरा थोडीच विरली असेल, तर बहुधा सांधा बदलून पुढे व्यायामावर भर देतात. दोन्ही बिघाड मोठे असतील तर सांधा बदलणे आणि कंडरा शिवणे एकाच ऑपरेशनमध्ये करता येते. भूल एकदाच आणि दवाखान्यातला मुक्कामही एकच.

स्नायूची चरबी झाली असेल तर कंडरा शिवून बळ परत येईलच असे नाही. काही सर्जन अशा वेळी शेजारच्या मोठ्या स्नायूचा भाग तिथे वळवून लावतात. सांध्याचे दुखणे थांबेल पण लंगडणे पूर्ण जाणार नाही, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच माहीत असलेले बरे.

स्टिरॉइडचे इंजेक्शन वारंवार घेऊ नये, त्याने कंडरा आणखी कमजोर होऊ शकते. सांध्यात इंजेक्शन घेतले असेल तर पुढे साधारण ३ महिने सांधा बदलणे टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

ऑपरेशननंतर

नुसता सांधा बदलला तर बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. कंडरा शिवली असेल तर साधारण ६ आठवडे वॉकर घेऊन, पायावर मोजकाच भार देत चालावे लागते आणि पाय स्वतःच्या जोराने बाहेर उचलायचा नसतो. ही घाई केली तर शिवण सुटते. पूर्ण बळ यायला ६ महिने ते वर्ष लागू शकते. कुल्ल्याचे स्नायू कमजोर असल्यास नवा सांधा निखळण्याचा धोका जास्त असतो, म्हणून खाली बसणे, मांडी घालणे, वाकून वस्तू उचलणे सर्जन सांगतील तोवर बंद. घरात उंच खुर्ची, पलंग आणि कमोडची सोय आधीच करावी. तुरीच्या राशीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत तारीख घेतली तर घरी हाताशी माणूस राहत नाही, तेही पाहावे.

ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज, दम लागणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुठे आणि किती?

बीदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. औराद, भालकी, बसवकल्याणचे लोक हैदराबाद, लातूर किंवा सोलापूरलाही जातात. दूर जाताना पुढच्या ६ आठवड्यांच्या तपासणीच्या फेऱ्या आणि रोजची फिजिओथेरपी कुठे होणार, हे आधी ठरवावे.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, १.५ लाखांपर्यंत. सांधा आणि कंडरा दोन्ही मंजुरीत धरले आहेत का, आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते का, हे आरोग्यमित्राला विचारावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपले गाव यादीत आहे का आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे तिकडच्या रुग्णालयात निघण्याआधी फोन करून विचारावे.

बसवलेल्या सांध्याचे स्टिकर किंवा कार्ड मागून जपून ठेवावे. २०१० साली एएसआर हा सांधा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा तो भारतात कोणाकोणाला बसवला हे शोधणे अवघड गेले होते.

सर्जनला विचारायचे प्रश्न

- माझे दुखणे सांध्याचे किती आणि कंडरेचे किती?
- स्नायू शाबूत आहे की चरबी झाली आहे?
- कंडरा फाटलेली आढळली तर त्याच वेळी शिवाल का? तुम्ही ज्या बाजूने सांधा उघडता तिथून ते जमते का?
- सांधा निखळू नये म्हणून वेगळ्या प्रकारचा सांधा लागेल का? खर्च किती वाढेल?
- वॉकर किती दिवस आणि शेतात किंवा दुकानात परत केव्हा जाता येईल?

उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि घरच्या एका जबाबदार माणसाला बरोबर न्यावे. शक्य असल्यास दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मतही घ्यावे. हे ऑपरेशन सहसा तातडीचे नसते, चार दिवस विचार करायला वेळ असतो.