चापिंगोचे मास्तर

माझी भाची सध्या स्पेनमध्ये शाळेत इंग्रजी शिकवते. दुपारी अडीचला निवांत जेवण, रात्री दहाला पुन्हा गप्पांसकट जेवण, कुणालाच घाई नाही, असं ती फोनवर रंगवून सांगते. हातकणंगल्यात आमच्या घरी यावर दोनच प्रश्न निघतात: पगार किती, आणि परत कधी येणार? हा दुसरा प्रश्न ऐकला की मला पांडुरंग खानखोजे आठवतात.

वीणा गवाणकरांनी लिहिलेलं चरित्र ज्यांनी वाचलंय त्यांना हे नाव नवीन नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: वर्ध्याचे, जन्म १८८४. अमेरिकेत शेतकीचं शिक्षण, तिथेच गदर चळवळीच्या उभारणीत हात, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढाई, मग बर्लिन, मॉस्को. क्रांतिकारकांच्या यादीत त्यांची ओळख बहुधा इथेच आटोपते. पण माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. १९२४ साली, चाळिशीत, मायदेशाचं दार बंद असलेला हा माणूस मेक्सिकोला पोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. शिकवायचं स्पॅनिशमधून!

परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्याचं एक बरं असतं. आपल्याकडे जे आहे ते समोरच्याला हवं असतं. आमच्या गावाचं नाव आडनावात मिरवणारे म. द. हातकणंगलेकर सांगलीच्या विलिंग्डनमध्ये इंग्रजीच शिकवत होते, तिथेही भाषेवर अधिकार मास्तरांचा. खानखोज्यांचं उलटं. पिकांचं ज्ञान यांचं, भाषा मात्र विद्यार्थ्यांची. चुकलेल्या क्रियापदावर मागच्या बाकावर हसू फुटत असणारच.

तरी ते तिथे रुजले. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत गरीब शेतकऱ्यांना जमिनी वाटणं चालू होतं, पण नुसती जमीन हातात देऊन भागत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खानखोज्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. एकीला झापाता या शेतकरी नेत्याचं नाव होतं. मका आणि त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते यांच्या संकरावर त्यांनी काम केलं. टिना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात आणलं. पंगतीला बसलेली माणसं आणि भाकरी वाटणारा माणूस, असं ते चित्र.

भाकरी म्हणजे तिथे मक्याची तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, पाट्यासारख्या दगडावर वाटायचा, तव्यावर भाजायचं. सोबत मिरची, टोमॅटो. या सगळ्या वस्तू मूळच्या तिकडच्या, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आल्या. म्हणजे मिरची आली नसती तर कोल्हापूरचा तांबडा रस्सा तांबडा झाला नसता (हे आमच्या तालुक्यात मोठ्याने बोलू नये). विदर्भातल्या माणसाला त्या ताटात फार परकं वाटलं नसावं, असा माझा आपला अंदाज.

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाला, मध्य प्रांताच्या सरकारने शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं, आणि व्हिसा नाकारला गेला! इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि नव्या सरकारच्या फायलीत ती यादी तशीच आली होती. ज्यांच्याविरुद्ध लढले ते निघून गेले, पण त्यांची यादी कामावर होती. पुढे तो निर्णय फिरला. १९४९ मध्ये ते भारतात आले, नंतर नागपुरात स्थिरावले आणि १९६७ साली तिथेच गेले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला.

मला कुतूहल आहे ते नागपूरच्या त्या घराचं. बाप वऱ्हाडी वळणाचा, आई बेल्जियन, मुलींचं बालपण मेक्सिकोतलं. जेवताना मीठ कोणत्या भाषेत मागत असतील? थोरली मुलगी सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं, ते इंग्रजीत.