नाव झाकून पाठवलेली कथा

पीएचडीच्या मुलाखतीची तारीख आली की बरेच जण आधी पीपीटीचे रंग बदलत बसतात. 'कम्युनिकेशन स्किल' म्हणजे फाडफाड इंग्रजी, हे आपल्या डोक्यात कॉलेजपासून बसलेलं असतं. म्हणून तुम्हाला 1974 सालची एक गोष्ट सांगते.

डॉ. जयंत नारळीकर तेव्हा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये होते. फ्रेड हॉईल यांच्यासोबत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत दहा वर्षांपूर्वीच गाजला होता, 1965 साली पद्मभूषणही मिळालं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली, पण लेखकाचं नाव टाकलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना.! अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात पद्धत दिसते. पेपर ब्लाइंड रिव्ह्यूला जातो ना, अगदी तसंच. आपल्या नावाचं वजन काढून घेतलं तर उरलेलं मराठी लिखाण स्वतःच्या पायावर उभं राहतं का, हे त्यांनी तपासून घेतलं. एवढं नाव असलेला माणूस सहसा या भानगडीत पडत नाही.

पुढे 1988 साली पुण्यात आयुका सुरू झाली, नारळीकर तिचे संस्थापक संचालक. शाळेतली मुलं सह्या मागायला यायची, तेव्हा ते सांगायचे की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आता विचार करा, पोस्टकार्डावर जागा ती केवढी! मुलाला नेमकं विचारावं लागणार आणि शास्त्रज्ञाला नेमकं उत्तर द्यावं लागणार. आपण मात्र 'संवाद' म्हटलं की फक्त बोलणाऱ्याचा विचार करतो.

तुम्हीही करून बघा. विषय पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा, गाईडचं आणि संस्थेचं नाव न घालता, आणि विज्ञानाच्या बाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. मी चिंचवडला आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना दिला. ते चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत, सकाळच्या शिफ्टची बस पकडायच्या घाईत होते. कागद वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मोजतेस कशानं, आणि टॉलरन्स किती धरलाय?"

मुलाखतीत पॅनेलने दुसराच प्रश्न हा विचारला.