कामावरून काढलं, पगार अडकला? वकील करण्याआधी हे वाचा

सकाळी शिफ्टला गेलात आणि गेटवरच वॉचमननं सांगितलं, "तुमचं नाव लिस्टमध्ये नाही, आत सोडता येणार नाही." ठेकेदार फोन उचलत नाही. ऑफिसातले साहेब म्हणतात, पुढच्या आठवड्यात या. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या गावोगावच्या पोरांना हे नवीन नाही.

मग घरी चर्चा सुरू होते. वकील करायचा का? कुठला करायचा? पैसे किती लागतील? या चर्चेत आणि हेलपाट्यांत तीन-चार महिने कधी निघून जातात ते कळत नाही. खरं नुकसान तिथंच होतं. कामगारांच्या बहुतेक तक्रारींना कायद्यानं मुदत घातलेली आहे आणि ती टळली, तर चांगला वकीलही हात टेकतो. म्हणून वकिलाच्या आधी दोन गोष्टी बघा: आपलं प्रकरण कुठं जातं आणि मुदत किती.

आधी हातातले कागद सांभाळा

पगाराची स्लिप, बँक पासबुक, गेटपास, ओळखपत्र, हजेरी कार्डाचा फोटो, पीएफचा यूएएन नंबर, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, जे असेल ते एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढा. चॅट डिलीट करू नका. नेमणूकपत्र नाही म्हणून केस होत नाही, असं नाही. बँकेत दरमहा आलेला पगार आणि पीएफची नोंद हेही पुरावेच आहेत.

तोंडी काढलं असेल तर लगेच साधा अर्ज लिहा: "मी अमुक तारखेला कामावर आलो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे." हा अर्ज कंपनीच्या आणि ठेकेदाराच्या पत्त्यावर पोस्टानं रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपा. नाहीतर पुढे "कामगार स्वतःच यायचा बंद झाला" असा बचाव हमखास होतो.

राजीनामा, "फुल अँड फायनल" किंवा कोरा कागद, कशावरही दबावाखाली सही करू नका.

कुठलं प्रकरण कुठं जातं?

केंद्राचे चार नवे कामगार कायदे, म्हणजे लेबर कोड, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यामुळे जुन्या माहितीवर चालू नका. ढोबळ चित्र असं आहे:

- पगार थकला किंवा कापला: जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज. नव्या वेतन कायद्यात दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. काम सुटल्यावर किंवा काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब मिळायला हवा. ठेकेदारानं पगार दिला नाही, तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते.
- कामावरून काढलं: आधी कामगार कार्यालयात समेटाचा अर्ज आणि तिथं मिटलं नाही तर पुढे न्यायाधिकरण. यासाठी दोन वर्षं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली "अनुचित कामगार प्रथा" म्हणून थेट कामगार न्यायालयात जायचं असेल, तर मुदत फक्त ९० दिवस. ठेक्यावरच्या कामगाराला हा दुसरा रस्ता दरवेळी चालत नाही, कारण "मी कंपनीचाच कामगार" हाच मुद्दा आधी वादाचा होतो. कुठला रस्ता धरायचा ते वकिलाला विचारा, पण ९० दिवसांच्या आत विचारा.
- कामावर अपघात किंवा मृत्यू: ईएसआय लागू असेल तर लाभ ईएसआयकडून. नसेल तर मालकाकडून भरपाईचा दावा, दोन वर्षांच्या आत. हा दावा आपण राहतो त्या भागातही करता येतो. पुण्याला किंवा चाकणला अपघात झाला म्हणून तिथंच खेटे घालायची गरज नाही. कोणी घरी रोख आणून देऊन कागदावर सही मागत असेल तर आधी थांबा.
- पीएफ भरला नाही: पीएफ कार्यालय किंवा त्यांचं ऑनलाइन तक्रार पोर्टल.
- खासगी शाळेतल्या शिक्षक-शिपायाला काढलं: शाळा न्यायाधिकरण. मुदत फक्त ३० दिवस.
- राज्य सरकारी कर्मचारी: महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. साधारण एक वर्ष.
- कामाच्या जागी लैंगिक छळ: कंपनीची अंतर्गत समिती. दहापेक्षा कमी माणसं असलेली जागा असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिने.
- उचल फिटली नाही म्हणून कामावर डांबून ठेवलं: ऊसतोड असो की वीटभट्टी, ही वेठबिगारी आहे. थेट जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे तक्रार करा. जिवाला धोका असेल तर ११२ ला फोन.

प्रत्येक ठिकाणी वकील लागतोच असं नाही

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पीएफची तक्रार, पगाराचा अर्ज यांची सुरुवात आपण स्वतः करू शकतो. कामगार अधिकाऱ्यापुढे समेटाची बैठक चालते, तिथं वकिलाला बाजू मांडायचा हक्कच नाही. लैंगिक छळाच्या समितीपुढेही वकील चालत नाही. समेटाच्या बैठकीत युनियनचा पदाधिकारी तुमच्या वतीनं बोलू शकतो. पुढे न्यायालयातही युनियनचा माणूस केस चालवू शकतो, आणि वर्षानुवर्षं हेच काम करणारे काही जण यात चांगलेच तयार असतात.

म्हणजे वकील नकोच असं नाही. अर्जात काय लिहायचं, कोणाकोणाला पार्टी करायचं, कुठला कायदा धरायचा, हा सल्ला सुरुवातीलाच घ्या. पहिल्या अर्जात राहिलेली चूक पुढे वर्षानुवर्षं नडते. पण "समेटाच्या प्रत्येक तारखेला मी येतो, तेवढे पैसे द्या" असं कोणी सांगत असेल, तर विचारा: साहेब, तिथं वकील चालतो का?

फुकट वकील कोणाला मिळतो?

१९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार सरकारी खर्चानं वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, वेठबिगारीत अडकलेले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाची मर्यादा आहे.

अर्ज कुठं करायचा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आधार कार्ड, आपण कोणत्या गटात बसतो त्याचा कागद आणि प्रकरणाची थोडक्यात माहिती घेऊन जा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. गावातल्या सीएससी केंद्रातून किंवा १४४५४ वर टेली-लॉ सेवेतून वकिलाचा सल्लाही मिळतो.

विधी सेवेतून मिळालेल्या वकिलानं तुमच्याकडून फी घ्यायची नसते. मागितली तर ज्या कार्यालयानं वकील दिला तिथंच सांगा.

वकील शोधायचा कसा?

तालुक्याच्या कोर्टात जमिनीच्या, वाटपाच्या आणि फौजदारी केसेस चालतात. कामगारांचं काम वेगळं आहे आणि ते करणारे वकीलही मोजकेच. नात्यातला किंवा गावातला वकील विश्वासाचा असेल, तर त्याच्याकडूनच विचारून घ्या की लेबरचं काम कोण करतं.

दुसरा चांगला रस्ता म्हणजे त्याच एमआयडीसीतले जुने कामगार आणि युनियनवाले. ज्यांची केस चालून निकाल लागला, त्यांना विचारा: वकील तारखेला स्वतः हजर असायचा का? फोन उचलायचा का? मध्येच जास्तीचे पैसे मागितले का? तिसरा रस्ता, तुमची केस जिथं चालणार त्या कामगार न्यायालयात एक दिवस जाऊन बसा. कामगारांच्या बाजूनं कोण उभं राहतं ते डोळ्यांनी दिसतं. काही वकील मुख्यतः कंपन्यांची कामं करतात, तेही तिथंच कळतं.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे "शंभर टक्के भरपाई मिळवून देतो" असा मेसेज ग्रुपवर फिरत असेल किंवा दवाखान्याच्या दारात कोणी कार्ड देत असेल, तर सावध राहा.

पहिल्या भेटीत हे विचारा

१. माझं प्रकरण कुठल्या कायद्याखाली, कुठल्या ठिकाणी जाईल?
२. मुदत कधी संपते? तारीख सांगा.
३. ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांनाही पार्टी करणार का?
४. अशा केसेस तुम्ही कामगारांच्या बाजूनं चालवल्या आहेत का?
५. या कंपनीचं किंवा ठेकेदाराचं काम तुम्ही करता का?
६. माझ्या बाजूला कच्चं काय आहे?

सहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "काही काळजी करू नका, केस जिंकलीच" असं सांगणाऱ्यापेक्षा "इथं तुमचा पुरावा कमी आहे" असं तोंडावर सांगणारा बरा. तुम्हीही काही लपवू नका. पूर्वी मेमो मिळाला असेल, उचल घेतली असेल, कुठं सही केली असेल, ते सगळं सांगा. ते समोरच्या वकिलाकडून कोर्टात कळलं तर तुमचाच वकील अडचणीत येतो.

फीचं बोलणं आधीच करा

एकूण फी किती, टप्पे कसे, तारखेचे वेगळे पैसे आहेत का, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि कागदावर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. पैसे शक्यतो यूपीआयनं द्या. रोख दिले तर पावती मागा. त्यात लाजायचं काही नाही.

"आत्ता काही देऊ नका, भरपाई मिळाली की तीस टक्के द्या" ही बोली ऐकायला गोड वाटते. पण निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी हप्त्यानं द्यायची बोली मात्र करता येते. भरपाईची रक्कम आपल्याच खात्यावर यायला हवी. कोऱ्या चेकवर सही करून किंवा एटीएम कार्ड कोणाच्या हातात देऊन बसू नका.

वकीलपत्र, कागद आणि तारीख

वकीलपत्रावर सही करताना कोर्टाचं नाव, दोन्ही पक्षांची नावं आणि वकिलाचं नाव भरलेलं आहे ना ते पाहा. मूळ कागद देताना त्याची यादी करून पोच घ्या. दाखल केलेल्या अर्जाची एक प्रत घरी ठेवाच.

केसला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळाला असेल, तर ई-कोर्ट्स अॅपवर तो टाकून पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते घरबसल्या पाहता येतं. "तारीख पडली" हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण पाहिलेलं बरं.

तडजोडीची किंवा केस मागे घेण्याची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, आली तर ती पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून घ्या. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील करता येत नाही, म्हणून रक्कम आणि ती कधी मिळणार हे आधी नीट ठरवा.

वकिलाशी पटलं नाही तर?

वकील बदलता येतो. आधी समोर बसून बोला, नाहीच जमलं तर लेखी कळवा. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलं आहे. वकिलानं पैसे खाल्ले किंवा समोरच्याशी संगनमत केलं, तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करायची. ग्राहक मंचात ती चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या मे २०२४ च्या निकालानं स्पष्ट झालं आहे. मात्र केस हरली, एवढ्यावरून वकील दोषी ठरत नाही.

गेट बंद झालं त्या दिवसाची तारीख आज घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून ९० दिवस मोजून त्या दिवसावर गोल करा. शाळेचं प्रकरण असेल तर ३० दिवस मोजा. वकील कुठला करायचा ते घरात बसून ठरवा, पण त्या गोलाच्या बरंच अलीकडे ठरवा.