हाडे आत, गोधडी बाहेर

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधली जुनी गवताची कोठारे वारा अडवण्यासाठी बांधलेलीच नव्हती. भिंतीच्या फळ्यांमध्ये फटी असत, आणि त्या हव्याच असत. कारण हवा खेळली नाही, तर ओलसर राहिलेले गवत गंजीत आतल्या आत तापते, कधी पेटही घेते. फळ्यांच्या आत उभा असे तो सांगाडा मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबाने केलेला: जाडजूड खांब आणि तुळया, एका लाकडाला खाच, दुसऱ्याचे टोक तिच्यात घट्ट बसेल असे तासलेले, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी.

1830 नंतर स्वस्त खिळे आणि गिरणीत कापलेल्या सडपातळ पट्ट्या मिळू लागल्या आणि ही सुतारकी मागे पडली. 1970 च्या दशकात टेड बेन्सनसारख्या तरुण सुतारांनी ती पुन्हा हातात घेतली, पण आता त्या सांगाड्यात माणसे राहणार होती, आणि 1973 च्या तेलसंकटाने घर ऊबदार ठेवणे महाग करून टाकले होते. खांबांच्या मधल्या जागेत इन्सुलेशन भरावे, तर जाड लाकूड वाळताना आकसते आणि प्रत्येक खांबाच्या कडेने फट पडते. बाहेरून दुसरी पट्ट्यांची भिंत उभारावी, तर एका घराला दोन सांगाडे होतात.

यावरचा तोडगा वेगळ्याच कुळात वाढत होता. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने 1935 मध्ये प्लायवूडच्या पॅनेलांचे घर उभारले. बाहेरचे आवरण नुसते झाकण न राहता त्यानेही भार उचलावा, म्हणजे लाकूड कमी लागेल, हा त्यामागचा विचार. 1947 मध्ये तिथेच आणखी एक इमारत बांधली गेली. तिच्या पॅनेलांच्या पोटात पन्हळी पुठ्ठा होता! 1978 मध्ये ती उकलली, तेव्हा बहुतेक पॅनेलांची ताकद शाबूत होती. कागदी आवरणाची तेवढी उघड्या हवेत टिकली नव्हती.

पुठ्ठ्याच्या जागी फोम आणला तो ऑल्डन डाऊ या वास्तुकाराने. फ्रँक लॉइड राइट यांच्या हाताखाली शिकलेला, आणि डाऊ केमिकलच्या संस्थापकाचा मुलगा. फोम त्याच्या घरच्याच कारखान्यातला. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या मिडलंड गावी त्याने फोमच्या पॅनेलांची घरे बांधली. रचना सोपी आहे: दोन कडक तक्ते आणि मध्ये त्यांना पक्का चिकटलेला फोम. भार आला की एक तक्ता दाबला जातो, दुसरा ताणला जातो, आणि फोम दोघांना जागेवरून हलू देत नाही. पुढे प्लायवूडऐवजी लाकडाच्या चपट्या चिपा राळेत दाबून केलेला ओएसबी तक्ता आला, आणि पॅनेले मोठी व स्वस्त झाली.

स्वतःच्या बळावर उभे राहू शकणारे हे पॅनेल खुंटीच्या सांगाड्यावर आले, तेव्हा त्याला भार उचलण्याची गरजच उरली नाही. म्हणून तिथे आतल्या बाजूला साधा जिप्समचा तक्ताही चालला. लांबलचक स्क्रूंनी पॅनेले बाहेरून खांबांना आवळली की घराभोवती सलग गोधडी पांघरली जाते. उष्णतेला बाहेर पळायला खांबांची वाट राहत नाही, आणि आत बसलेल्या माणसाला प्रत्येक सांधा दिसतो. सुताराने महिनोन्‌महिने तासलेले काम भिंतीत पुरले गेले नाही, ही गोष्ट मला सगळ्या बचतीहून मोठी वाटते.

गोधडी उसवते ती शिवणीवर. अलास्कातल्या जूनो या दमट गावात 2001 च्या सुमारास कित्येक पॅनेलांची छपरे कुजलेली आढळली. सांधे नीट न भरल्यामुळे घरातली ऊबदार, ओली हवा त्यांतून वर जाई आणि बाहेरच्या थंड तक्त्याला लागून तिचे पाणी होई. तेव्हापासून चांगले कारागीर प्रत्येक सांध्यात फोम भरून आतून पट्टीही चिकटवतात. असे घर इतके बंद होते, की ताजी हवा आत आणायला वेगळे यंत्र बसवावे लागते.