एका छायाचित्रकाराचे संग्रहालय

चित्रकाराच्या नावाचे संग्रहालय आपल्याला नवे नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या चित्रांचे आहेच. पण एकट्या छायाचित्रकाराच्या कामासाठी अख्खी इमारत? जपानमध्ये ही कल्पना साकाता या बंदराच्या गावात रुजली आणि तिच्या मुळाशी एका लेकराने गावाला दिलेला शब्द होता.

ते छायाचित्रकार म्हणजे केन दोमोन. त्यांचा जन्म १९०९ साली साकातात झाला. लहानपणीच कुटुंबाबरोबर गाव सुटले. १९३५ पासून त्यांनी टोकियोत छायाचित्रणाचा व्यवसाय धरला. युद्धानंतर त्यांनी नव्या पिढीला बजावले की मांडणी नको, अभिनय नको, समोर जे घडते ते टिपा. हिरोशिमाच्या जखमा त्यांनी तशाच टिपल्या. १९६० साली चिकुहोच्या कोळसाखाणींच्या वस्तीतल्या मुलांच्या छायाचित्रांचा संग्रह काढला, तोही साध्या कागदावर, किंमत अवघी १०० येन. गरिबांची चित्रे गरिबांना विकत घेता यावीत, हा आग्रह मला त्यांच्या सगळ्या कीर्तीहून मोठा वाटतो.

त्याच सुमारास दोमोन यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. १९६८ साली दुसऱ्यांदा झाला आणि व्हीलचेअर आली, तरी जुनी देवळे टिपण्याच्या वाऱ्या थांबल्या नाहीत. १९७४ साली साकाताने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले, तेव्हा त्यांनी सांगितले: माझे सगळे काम गावाला. दोनच वर्षांनी गावाचा मोठा भाग आगीत जळाला, तरी गाव त्या शब्दाला विसरले नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये संग्रहालय उघडले. केवळ छायाचित्रांसाठी उभारलेले जपानमधले ते पहिलेच. इमारत योशिओ तानिगुची यांची, अंगणातले शिल्प इसामु नोगुची यांचे. दोमोन मात्र १९७९ पासून बेशुद्ध होते. १९९० साली ते गेले, संग्रहालय न पाहताच.

पुढे १९९५ साली तोत्तोरी भागात छायाचित्रकार शोजी उएदा यांचेही संग्रहालय झाले. तेही मोठ्या शहरापासून दूर, जिथल्या वाळूत आणि माणसांत त्यांचे काम घडले तिथेच.

जिथले काम तिथेच जपावे, हे नंदुरबार जिल्ह्यालाही लागू पडते. इथल्या काठी गावच्या राजवाडी होळीला दरवर्षी कॅमेऱ्यांची गर्दी होते. मोरपिसांचे टोप, कमरेचे दुधी भोपळे, घुंगरू सगळे टिपले जाते आणि फोटो बाहेरगावी जातात. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणीतल्या ३३ गावांना गाठले. त्यांची घरे, शेते आणि देव आता छायाचित्रांतच पाहायचे. २९ सप्टेंबर २०१० रोजी जिल्ह्यातल्याच टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तोही दिवस कॅमेऱ्यांनी टिपला. ही चित्रे जिल्ह्यात एका ठिकाणी का नसावीत?

छायाचित्राला उजेड आणि ओल खातात. पेटीत दमटलेली निगेटिव्ह पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून शहाद्यापासून धडगावापर्यंतच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना आणि त्यांच्या मुलांना विनंती आहे: जुन्या निगेटिव्ह रद्दीत देऊ नका. कोरड्या जागी ठेवा, पाकिटावर गाव, साल आणि माणसांची नावे लिहा. आणि नगरपालिकांनी साकातासारखे वागावे: छायाचित्रकार हयात असताना त्याच्या दारी जावे आणि त्याचे काम मानाने मागून घ्यावे.