आपली संस्कृती : कोणत्या सालची?

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा धडा आहे. मध्यंतरी छत्रपती संभाजीनगरला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात हा धडा वर्गात कसा घ्यावा यावर चर्चा चालली होती. एक अनुभवी सर म्हणाले, "हे सगळं तिकडं युरोपात ठीक आहे. त्यांची संस्कृतीच मोकळी. आपल्याकडं चालत नाही. मी तर मुलांना सांगतो, हा धडा घरी वाचून या." बऱ्याच माना डोलल्या. आम्हालाही त्या वेळी धड उत्तर सुचले नाही.

नंतर विचार करताना लक्षात आले, की सरांच्या बोलण्यात दोन गृहीतके आहेत. एक म्हणजे कामजीवनाकडे पाहण्याची प्रत्येक देशाची एक ठरलेली दृष्टी असते. दुसरे म्हणजे पश्चिमेची दृष्टी मोकळी आणि आपली बंदिस्त. ही विधाने तपासायची तर 'कोणता देश' एवढे विचारून भागत नाही, 'कोणत्या साली' हेही विचारावे लागते. तसे विचारू लागल्यावर काय दिसले ते येथे मांडत आहोत.

पैठणपासून सुरुवात

शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला मानला जातो. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये त्याची मराठी आवृत्ती सिद्ध केली. गोदाकाठच्या खेड्यांतली साधी माणसे या गाथांत बोलतात, आणि त्यांत बायकांचे बोलणे पुष्कळ आहे. प्रेम, ओढ, चोरून भेटणे, नवऱ्यावरचा राग हे सारे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. वेरूळच्या आठव्या शतकातल्या कैलास लेण्यावर मिथुनशिल्पे आहेत, आणि ती देवळाच्याच भिंतींवर आहेत.

यावरून 'पूर्वी सगळे मोकळे होते' असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. काव्य म्हणजे जनगणना नव्हे. स्त्रीवर कडक बंधने घालणारी मनुस्मृतीही त्याच काळाच्या आसपासची. म्हणजे मोकळेपणा आणि बंधन हे दोन्ही प्रवाह एकाच भूमीत, एकाच वेळी वाहत होते. 'आपली संस्कृती' म्हणताना आपण त्यातला एक प्रवाह निवडतो आणि दुसरा विसरतो.

उसने आणलेले माप

अश्लीलतेचे कायदेशीर माप आपल्याकडे आले ते इंग्लंडमधून. तिथे १८५७ मध्ये अश्लील प्रकाशनांविरुद्धचा कायदा झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अश्लील पुस्तकांसाठी कलम २९२ आले आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ ही आले. १८६८ मध्ये इंग्लंडमधल्या 'हिक्लिन' खटल्यात एक कसोटी ठरली : ज्यांची मने सहज बिघडू शकतात अशांना हे लिखाण बिघडवील काय? प्रौढ, सुजाण वाचकाचा विचार या कसोटीत नव्हता.

त्या काळचे इंग्लंड किती मोकळे होते? मुंबईत राहिलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या मदतीने कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर तयार झाले. रिचर्ड बर्टन आणि मुंबईत सनदी नोकरी केलेले आर्बथनॉट यांनी ते १८८३ मध्ये छापले, पण खाजगी वितरणासाठी, आणि प्रकाशनस्थळाचे नावही बनावट घालून. भारतात शतकानुशतके नकलून ठेवलेला ग्रंथ लंडनमध्ये लपवून वाचावा लागत होता.

गणिताचे प्राध्यापक कर्वे

आता मुंबईकडे वळू. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धानंतर ते गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. कॉलेज मिशनऱ्यांचे होते, त्यांना हे मानवले नाही आणि कर्व्यांची नोकरी गेली. म्हणजे पहिला मोठा फटका बसला तो पाश्चात्त्य संस्थेकडून, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मरण येईपर्यंत, पदरमोड करून, चालवले. शरीराची माहिती, गुप्तरोग, संततिनियमन आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असे त्याचे स्वरूप होते. विवाहात स्त्रीच्या इच्छेला आणि सुखालाही पुरुषाइतकेच स्थान आहे, हे ते ठामपणे मांडत. दिवस राहावेत की नाहीत हे ठरवण्याचा अधिकार तिचा, हा त्यांच्या विचारांचा पाया होता.

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला आला. या वेळी निमित्त होते प्रश्नोत्तरांचे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारले होते आणि कर्व्यांनी उत्तरे दिली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावरचे सारेच लिखाण अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. या खटल्यांवर अजित दळवी या आपल्या शहरातल्या नाटककारांनी 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले आहे. ते जमल्यास जरूर पाहावे किंवा वाचावे.

याच सुमारास वर्ध्यात आणखी एक प्रसंग घडला. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. कुटुंब लहान असावे हे दोघांनाही मान्य होते. पण गांधीजींना त्यासाठी संयम हाच मार्ग योग्य वाटत होता, साधनांना त्यांचा विरोध होता. इकडे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. कर्वे, गांधी, आंबेडकर, पुण्याचे सनातनी यांपैकी भारतीय दृष्टी कोणाची म्हणायची? सगळेच इथले, आणि सगळे एकाच दशकातले.

त्याच वेळी इतरत्र

आता सरांचे 'मोकळे' देश पाहू. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये डॉ. अलेट्टा जेकब्स १८८२ पासून गरीब स्त्रियांना संततिनियमनाचा सल्ला देत होत्या. पण त्याच नेदरलँड्समध्ये १९११ च्या नीतिविषयक कायद्याने या साधनांच्या प्रचारावर बंधने आली. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अशी माहिती टपालाने पाठवणेही गुन्हा होता. सँगरबाईंचे न्यूयॉर्कमधले केंद्र १९१६ मध्ये पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद केले. इंग्लंडमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र १९२१ मध्ये निघाले, म्हणजे कर्व्यांच्याच वर्षी. आणि फ्रान्स? ज्या देशात कर्वे शिकले, तिथे १९२० मध्ये संततिनियमनाचा प्रचार करण्यावर बंदी आली. पॅरिसमध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले असते तरी खटला चुकला नसता.

फ्रान्सने असे का केले? महायुद्धात त्यांचे सुमारे चौदा लाख सैनिक मेले होते. सरकारला मुले हवी होती. भारतात परिस्थिती उलट होती. १९५१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६ कोटी भरली, अन्नाची टंचाई होती. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असे करणारा तो जगातला पहिला देश. गांधीविचाराच्या प्रभावामुळे सुरुवातीला भर 'सुरक्षित काळ' पाळण्यावर होता, पण सरकार या विषयावर उघडपणे बोलू लागले होते. त्या वर्षी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात विवाहित जोडप्यानेही साधन वापरणे गुन्हा होता. तो कायदा १९६५ मध्ये रद्द झाला. फ्रान्समध्ये परवानगी १९६७ च्या कायद्याने मिळाली. आयर्लंडमध्ये १९३५ पासून असलेली विक्रीबंदी १९७९ च्या कायद्याने सैल झाली, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीपुरती.

म्हणजे १९५२ साली हाच प्रश्न विचारला असता, तर 'मोकळा' देश कोणता ठरला असता?

यातही एक मेख आहे. आपल्या सरकारने कर्व्यांची साधने घेतली, त्यांचा पाया घेतला नाही. कर्व्यांचा प्रश्न स्त्रीच्या इच्छेचा होता, सरकारचा प्रश्न संख्येचा. आणीबाणीत सक्तीच्या नसबंद्या झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. बोलण्यातला मोकळेपणा आणि माणसाच्या इच्छेचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासातून दिसते.

माप बदलते

१९६० मध्ये लंडनच्या न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीच्या प्रकाशकाला निर्दोष सोडले. १९६४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच कादंबरीबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली, आणि आधार घेतला त्या हिक्लिन कसोटीचा. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही गोष्ट 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. तिच्यावरचा खटला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने म्हटले, की फ्रान्समध्ये साहित्य मानलेली कृती इंग्लंडमध्ये अश्लील ठरू शकते आणि दोन्हीकडे चालणारी भारतात चालणार नाही. म्हणजे देशादेशांतला फरक न्यायालयाने मान्य केला. पण समाजाची मापे बदलत असतात हेही मानले, आणि काकोडकरांना निर्दोष ठरवले. हिक्लिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला ठेवली. समलिंगी संबंध इंग्लंडने १९६७ मध्ये गुन्ह्यातून वगळले, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली, आणि कलम ३७७ मधला तो भाग आपल्याकडे २०१८ मध्ये रद्द झाला.

शाळेपुरते सांगायचे तर, स्वीडनने १९५५ मध्ये लैंगिक शिक्षण सक्तीचे केले. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतला असा कार्यक्रम विरोधामुळे थांबवला गेला. मुलांचे प्रश्न त्यामुळे थांबले नाहीत.

वर्गात काय करता येईल?

दहावी-अकरावीच्या मुलांना फळ्यावर एक तक्ता करायला सांगावा. आडव्या ओळीत देश : भारत, इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, आयर्लंड. उभ्या ओळीत साले : १८८०, १९२१, १९५२, १९६७, २०१८. प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट भरायची : त्या साली तिथे संततिनियमनाची माहिती देणे कायदेशीर होते काय? ज्या चौकटी भरता येणार नाहीत त्या कोऱ्या ठेवून ग्रंथालयात शोधायच्या. हा इतिहासाचा तास होईल आणि विज्ञानाचाही, कारण विधान तपासणे म्हणजे काय ते मुलांना कळेल.

दुसरे म्हणजे, धडा सुरू करण्याआधी आठवडाभर वर्गात एक खोका ठेवावा. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही. स्वप्नावस्था हा आजार आहे का, पाळी मागेपुढे का होते, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, असे प्रश्न त्यात येतीलच. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते द्यायला आज दंड होत नाही. 'समाजस्वास्थ्य'कडे असे प्रश्न येत, कारण विचारायला दुसरी जागा नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांकडे आज मोबाइल आहे आणि त्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे. ते सरांना विचारतील की मोबाइलला, हे आपण तो धडा वर्गात घेतो की घरी वाचायला सांगतो यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

पुढच्या शिबिरात ते सर भेटले तर त्यांना आम्ही एवढेच विचारणार आहोत : सर, आपली संस्कृती म्हणालात, ती कोणत्या सालची?