खैरा : रोग नव्हे, उपासमार

१९६० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतील भातशेतीवर एक गूढ संकट ओढवले. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांतच रोपांची वाढ खुंटे आणि पानांवर काताच्या रंगाचे तपकिरी ठिपके पडत. या विकाराला 'खैरा' म्हणत.

अशा वेळी बुरशी, जिवाणू वा विषाणू शोधणे ही वनस्पतिरोगशास्त्राची रूढ वाट. पंतनगर कृषी विद्यापीठातील रोगशास्त्रज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी मात्र १९६६ मध्ये दाखवून दिले, की खैऱ्याच्या मुळाशी रोगजंतू नसून जस्ताची कमतरता आहे. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत जस्त असले तरी ते मुळांना सहज शोषून घेता येत नाही. भरल्या कोठारापाशी पीक उपाशी राहत होते!

उपाय स्वस्त निघाला : हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो भिजवलेला चुना पाण्यात मिसळून फवारणे. उपाशी रोपावर बुरशीनाशकाचा खर्च केला असता, तर तो वायाच गेला असता.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत तपासल्या जाणाऱ्या १२ बाबींमध्ये जस्ताचाही समावेश आहे. औषधाआधी माती तपासावी, हा खैऱ्याचा धडा आजही तितकाच खरा आहे.